हातातली केरसुणी

सकाळी समोरच्या वहिनींचा अजय सुट्टी संपवून पलटणीत परत गेला. माणूस लांब निघालं की मागे लगेच केर काढत नाहीत, म्हणून वहिनी केरसुणी हातात धरून नुसत्याच दारात उभ्या होत्या.

आमच्या टीव्हीवर चर्चा चालली होती, सैन्यभरती सक्तीची झाली तर मुलींनाही घ्यावं का?

"घ्यायलाच हवं. अजयदादा जातो, मग मी का नको?" बुटाची नाडी बांधत लेक म्हणाली.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. मीच तर शिकवलंय तिला हे. मग छातीत एवढं धडधडतंय कशानं? आणि अजय निघाला तेव्हा का नाही धडधडलं?

"येते गं आई," म्हणत ती कॉलेजला गेली. कॉलेज चौकापलीकडेच आहे. तरी आमच्या घरातला केर संध्याकाळपर्यंत तसाच राहिला.