उलकानचा तास

उलकान माझ्याहून वर्षाने धाकटी. नारिन गावच्या शाळेत आम्ही दोघी किर्गीझ भाषा शिकवायचो, आणि खरं सांगते, ती बाई माझ्या डोळ्यांत सलायची.

क्रियाविशेषण कसं ओळखायचं, हे मी पोरांकडून व्याख्येसकट घोकून घ्यायचे. ही बया पोरांना पटांगणात पळवायची!

"घोडा कसा पळतो?"

"छान पळतो!"

"मग छान काय? घोडा?"

"नाही, पळणं!"

"आणि छान घोडा म्हटलं तर?"

"घोडा छान!"

झालं हिचं व्याकरण. भर बर्फातसुद्धा हा तमाशा. माझ्या वर्गातली पोरं खिडकीला नाकं लावून बसायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बेगिमाय माझ्याकडे चार वर्षं शिकली, उलकानकडे शेवटचं एकच. पुढे ती शिक्षिका झाली, तेव्हा घरच्यांनी मेंढी कापली आणि आम्हा दोघींना जेवायला बोलावलं. पोरीला कुणी घडवलं हे आज चारचौघांत कळणार होतं, आणि माझंच नाव निघायला हवं होतं. मी डोक्याला नवा रुमाल बांधून गेले.

आमच्याकडे मटणाचं हाड मान बघून वाढतात. बायकांत सगळ्यांत मानाचा तुकडा शेपटीजवळचा. बेगिमायच्या आईने तो थेट माझ्यापुढे ठेवला. "घ्या, शाइरगुलताई."

मी उलकानकडे बघितलं. ती निवांत रस्सा पीत होती.

"तुला देऊ का गं थोडं?"

"नको, खा तूच. दात आहेत ना अजून?" ती हसली.

हसू दे मेलीला. मी जिंकले होते.

जेवण संपत आलं तशी बेगिमाय उठली. माझ्याकडेच येतेय असं वाटून मी रुमालाच्या टोकाने ओठ पुसले. ती उलकानपुढे गुडघे टेकून बसली.

"बाई, आशीर्वाद द्या. पहिल्याच तासाला पोरांना पटांगणात नेणार आहे."

हाड वयाला देतात. आशीर्वाद ज्याने शिकवलं त्याच्याकडे मागतात. मला काय हे ठाऊक नव्हतं? जन्म गेला इथे. पण तुकडा पुढ्यात आला आणि माझी अक्कल गहाण पडली.

उलकानने हात वर केले. सगळ्यांनी ओमीन, म्हणजे तथास्तु, म्हणायला तळवे उघडले. मीही उघडले, चरबीने माखलेले.

"ओमीन," मी म्हणाले, सगळ्यांहून मोठ्याने.