मांडीवरचा सिंथेसायझर

पक्षाघाताने बाबांची वाचा गेली, तेव्हा त्यांच्या जुन्या रॉक बँडमधल्या मित्राने जपून ठेवलेला त्यांचा सिंथेसायझर मला दिला. ते वजनदार वाद्य चादरीत गुंडाळून मी कणकवलीला मालवणच्या एसटीत चढले. गाडी खच्चून भरलेली. खिडकीशी बसलेल्या एका अनोळखी बाईंनी मासळीची रिकामी टोपली पायांखाली सरकवली आणि "हाड हंय," म्हणजे आण इकडे, म्हणत ते मांडीवर घेतलं.

"काय गो ह्या?"

"बाबांचं वाद्य. त्यांना आता बोलता येत नाही."

मग खड्डा आला की त्या दोन्ही हातांनी वाद्य अलगद उचलून धरायच्या.

मालवणला उतरल्यावर कळलं, त्यांचं गाव कट्टा, केव्हाच मागे पडलेलं. मी ओशाळले.

"उतरतलंय कशी? ह्या कोणाच्या मांडयेर देतलंय?" म्हणत त्या परतीच्या गाडीकडे गेल्यासुद्धा.

संध्याकाळी बाबांनी डाव्या हाताने एक सूर दाबला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. तो जाडसर, किंचित थरथरणारा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. बाबा हसत होते.

त्या बाईंचे आभार मानायचे राहिले. ते इथे मानते.