डाव्या अंगाची किटली

अन्याय झाला तो आप्पांवर. गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या दुधाला. जागा आपल्याच गावच्या दूध संस्थेचा कट्टा. रांगेत तुम्ही होता, मीही होते. त्यामुळे "आम्हाला काय माहीत" हे वाक्य निदान हे वाचेपर्यंत तरी बाजूला ठेवा.

आप्पांचं खरं नाव लिहीत नाही. नावाला जे लागायचं ते लागून झालंय. मळ्यावरचे आप्पा म्हटलं की तुम्हाला माणूस दिसतो. कुठल्याही वस्तूत बोट बुडवायचं, अंगठ्यावर घासायचं, नाकाशी न्यायचं आणि मग समोरच्याकडे बारीक डोळे करून विचारायचं, "ह्यात काय घाटलंय?"

हा प्रश्न त्यांनी विचारला नाही असा माणूस गावात नसेल. पेंडीच्या दुकानदाराला विचारला, पंगतीत आमटी वाढणाऱ्याला विचारला. एकदा माझं पत्रक हातात घेऊन शाईवर बोट घासलं, वास घेतला आणि म्हणाले, "काय गं पुढारणी, ह्यात काय घाटलंय? तुझ्या मागं कोण हाय?"

"कुणी नाही, आप्पा."

"कुणी न्हाय असं कसं? एवढा राग एकटीला येतोय व्हय?"

असा हा संशयी माणूस. पण त्यांच्या संशयाची सगळ्यात जास्त मेहनत खर्च व्हायची ती मोटारसायकलच्या साखळीवर. त्याला कारण होतं. मळ्यावरच्या सगळ्या घरांचं दूध गावात आणायचं काम आप्पांचं. फॅट ज्याची त्याची वेगळी लागते, म्हणून प्रत्येक घराची किटली वेगळी. मागच्या लोखंडी हुकांना दोन्ही अंगांनी किटल्या लटकायच्या आणि आप्पा मधोमध, वरातीतल्या नवऱ्यासारखे ताठ. एका पावसाळ्यात ओढ्याच्या चिखलात साखळी निसटून चाकात अडकली, गाडी तिथंच बसली आणि सगळ्या घरांचं दूध नासलं. आप्पांनी घराघरात जाऊन हात जोडले. तेव्हापासून साखळीचं तेल ही त्यांच्या घरी देवाच्या तेलाइतकीच जपायची गोष्ट झाली.

तेल घ्यायला ते कोल्हापूरला जायचे. गावातल्या दुकानावर त्यांचा विश्वास नव्हता. कोल्हापुरातल्या दुकानावरही नव्हता, पण तिथं निदान दोन-चार डबे उघडायला लावता यायचे. एकदा मी बरोबर होते. आप्पांनी गिअर ऑईलचा डबा उजेडात धरला, झाकणाचं सील नखानं चाचपलं, थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन हात तिरका केला आणि तो किती सावकाश उतरतो ते बघत राहिले. दुकानदार वैतागला.

"पावणं, तेल घ्यायला आलाय का पोरगी बघायला?"

"पोरीचं घराणं गावात विचारून तरी कळतंय," आप्पा म्हणाले. "ह्या डब्याचं कोण सांगनार?"

गॅरेजवाले इंजिनातलं काढलेलं काळं ऑईल फुकट द्यायचे. अर्धं गाव तेच साखळीला फासतं. आप्पा ते बोटावर घेऊन उन्हात धरायचे. त्यात लोखंडाचा कीस चमकायचा. "ह्ये तेल न्हवं, कानस हाय," म्हणायचे. पावसाळ्यात जाड गिअर ऑईल, कारण पातळ असलं की पाण्यानं धुऊन जातं. ऊस सुरू झाला आणि ट्रॉल्यांनी रस्त्याची धूळ केली की पातळ स्प्रे, कारण जाड तेल धूळ धरतं. एवढं साधं गणित. पण वर्षभर एकच तेल वापरणारा माणूस दिसला की आप्पांना तो कंपनीचा हस्तक वाटायचा.

लावायची वेळ संध्याकाळची. गाडी फेरीवरून आली, साखळी कोमट असली की काम सुरू. इंजिन बंद. चालू इंजिनावर साखळीला हात लावणाऱ्यांना ते आधी दोन शिव्या द्यायचे आणि मग कारण सांगायचे. जुन्या टूथब्रशला डिझेल लावून घाण काढायची, धोतराच्या फडक्यानं पुसायचं, वाळू द्यायचं. मग चाक हातानं फिरवत आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडायचा, म्हणजे फिरताना तेल बाहेरच्या कडेपर्यंत जातं. थोडा वेळ मुरू द्यायचं आणि वरचं सगळं पुसून काढायचं. इथं काकी, म्हणजे त्यांची बायको, हमखास टोकायच्या.

"लावायचं बी तुमीच आन् पुसायचं बी तुमीच. मग लावता कशाला?"

"जादा तेल म्हंजे चिखलाला आवतन."

"माज्या भाकरीला तेवढं कधी आवतन दिलं न्हाईसा."

आता किटल्यांचं ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साखळी गाडीच्या डाव्या अंगाला. तेलाचा, चिखलाचा शिंतोडा उडायचा तो तिकडेच. आप्पा लोकांच्या किटल्या उजवीकडे आणि वरच्या हुकांना लावायचे. डाव्या अंगाला सगळ्यात खाली, साखळीच्या डोक्यावर लटकायची ती त्यांची स्वतःची. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं होतं, हात वर करा.

आणि नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी नेमकी तीच किटली उघडली, नाक आत घातलं न घातलं, आणि भर रांगेत मोठ्यानं म्हणाले, "रॉकेलचा वास मारालाय. भेसळीचं दूध घेत न्हाय आमी."

आप्पा म्हणाले, "रॉकेल? रेशनला रॉकेल बंद होऊन जमाना झाला. मी आनलं कुठनं, तेवढं तरी सांगा."

"ते तुमालाच ठावं."

दूध कट्ट्याखालच्या गटारात ओतलं गेलं. तुम्ही पाय मागे घेतलेत, ओले होऊ नयेत म्हणून. तोंडं कुणी उघडली नाहीत.

मला कारण माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. त्याआधीच्याच वार्षिक सभेत आप्पांनी उभं राहून विचारलं होतं, "फॅटच्या मशीनचं तोंड कायम तुमच्याकडं का? आकडा आमच्याकडं फिरवा की." सभेत हशा झाला आणि सचिवांचा चेहरा पडला. त्याचा हा हिशोब चुकता. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं आणि मळ्यावर वाचून दाखवायला गेले. सगळ्या किटल्या एकाच गाडीवर, वास मात्र प्रश्न विचारणाऱ्याच्या किटलीला, असं पहिलंच वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "छापू नगंस."

"का? भ्यालात?"

"भ्यायला काय झालंय? माजी किटली साखळीच्या डोक्यावर हुती. आदल्या सांजेला गिअर ऑईल घाटलं हुतं. त्याचा वास तुला ठावं हाय, कुजक्या अंड्यावानी. दुधात उतरला असंल तर?"

"आप्पा, तो रॉकेल म्हणाला! खरंच वास घेतला असता तर रॉकेल म्हणाला असता का?"

"त्यो खोटारडा हाय, ते मला ठावं हाय. पर माजं दूध चांगलं हुतं, ह्ये मला अजून ठावं न्हाय."

मला संताप आला. ज्याच्यावर आळ घेतला तोच फिर्यादीच्या बाजूनं उलटतपासणी करत होता. पण हा माणूस जगावर संशय घेताना स्वतःला वगळत नव्हता, आणि असा माणूस मी आमच्या चळवळीतसुद्धा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी साखळी डिझेलनं धुतली आणि वाळू न देता लगेच भरपूर गिअर ऑईल सोडलं. मुद्दाम पुसलं नाही. धारोष्ण दूध तीन ठिकाणी केलं. एक किटली झाकण लावून साखळीवर, एक झाकण काढून तिच्याच शेजारी, एक घरात. मी मागे बसले, उघड्या किटलीवर हात धरून. बिद्रीकडे जाणाऱ्या फाट्यापर्यंत गेलो आणि आलो. काकींच्या डोळ्यांवर पदर बांधला आणि पेले पुढे केले.

पहिला पेला. "ह्याला म्हशीचा वास हाय."

"दुसरा कसला?"

"म्हशीच्या दुधाला दुसरा कसला यायचा? हत्तीचा?"

दुसरा पेला. "ह्यो बी तसलाच." हा झाकण लावलेल्या किटलीतला होता.

तिसरा ओठाला लावायच्या आधीच त्यांनी मान फिरवली. "शी! ह्ये मांजराला बी घालू नगासा." हा उघड्या किटलीतला.

संध्याकाळी स्प्रे मारून पुन्हा तेच केलं, काकींना न सांगता पेल्यांची जागा बदलून. उत्तर तेच आलं. आप्पा उंबऱ्यावर बसून म्हणाले, "झाकन हितं लावतोय त्ये कट्ट्यावरच उघडतंय. त्याच्याच म्होरं." आणि थोड्या वेळानं, "छाप आता."

पत्रक निघालं, तुम्ही वाचलंत. पण आप्पांना पत्रकावर काम भागवायचं नव्हतं. संध्याकाळच्या दुधाला गर्दी असताना त्यांनी कट्ट्यावर तीन पेले मांडले.

"सचिव, तिन्ही दुधं येगळ्या घरची हायती. माजं कुठलं, वासावरनं सांगा. सांगिटलासा तर म्हशी इकून टाकतो."

सचिवांनी पेल्यांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढला. "आज मला सर्दी हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "सर्दीत फॅट तरी नीट लागतीया का वो?" सगळा कट्टा हसला. आप्पाही हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दूध ओतलं त्या सकाळीच घराघरांनी आपापल्या किटल्या परत नेल्या होत्या. कट्टा हसल्यावर आता त्या परत येतील, म्हणून आप्पा दुसऱ्या पहाटे दारोदार गेले. मी बरोबर होते, त्यामुळे कोण काय बोललं ते ऐकलं आहे.

"आता पोरगंच जातंय गावात, त्योच नेतोय."

"आप्पा, तुमच्यावर इस्वास हाय की! पर घरातली मानसं ऐकत न्हाईत."

"लोक काय बी बोलत्यात. जरा दिस जाऊ द्या."

तुम्हीच ते लोक होता. एकानंही शिवी दिली नाही, चहा सगळ्यांनी विचारला. सचिव खोटं बोलले हे कट्ट्यावर कळत होतं, आणि तरी आपापल्या दारात तुम्ही त्याच खोट्याच्या बाजूनं उभे राहिलात. सचिवांना निदान एक फायदा होता. तुमचा कोणता, हे मला अजून कळलेलं नाही.

आप्पा तरीही रोज यायचे, एकट्या किटलीसाठी. उजवीकडचे हुक रिकामे खडखडायचे. मी एकदा म्हटलं, आता किटली तिकडे लावा, चिखल तरी लागणार नाही. ते म्हणाले, "तिकडची जागा लोकांची हाय."

दिवाळीनंतर त्यांनी म्हशी विकल्या आणि काकींना घेऊन जयसिंगपूरला मुलीकडे गेले. मुलगी फोनवर सांगत होती, दिवसभर दारात बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकून म्हणतात, ह्याची साखळी कोरडी हाय, थांबवा त्याला. कुणी थांबत नाही. जेवतात कमी, बोलतात त्याहून कमी.

गेल्या आठवड्यात मी मळ्यावर गेले होते. गोठा रिकामा. मोटारसायकल खताच्या पोत्यांखाली झाकलेली. पोती उचलली आणि साखळीवर बोट टेकवलं, तर बोट रुतलं. इकडून तिकडं जाड ग्रीस भरलं होतं, कडी न् कडी. चालत्या गाडीला असं कुणी करत नाही. हे उभ्या ठेवायच्या गाडीला करतात, गंज चढू नये म्हणून. पुन्हा रस्त्यावर काढायच्या दिवशी ते डिझेलनं धुऊन टाकायचं असतं.

आता तुम्हीच विचार करा. ज्याला परत यायचंच नाही तो गाडी विकतो. तो दुपारभर वाकून एकेका कडीत ग्रीस भरत बसत नाही. माझा संशय असा आहे की हा माणूस गाव सोडून गेलेला नाही. तो थांबलाय. आणि सचिवांसाठी तर तो थांबलेला नक्कीच नाही.

म्हणून माझी मागणी सचिवांकडे नाही. त्यांचं पत्रक वेगळं निघेल. मागणी तुमच्याकडे आहे, मळ्यावरच्या घरांकडे आणि त्या दिवशी रांगेत असलेल्या प्रत्येकाकडे. या रविवारी जयसिंगपूरची एसटी धरा. आपापली किटली धुऊन बरोबर घ्या. मुलीच्या दारात, काकींच्या देखत, आप्पांच्या तोंडावर म्हणा की दूध चांगलं होतं आणि ते आम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. ते रागावतील, संशय घेतील, कुणी पाठवलं म्हणून विचारतील. ऐकून घ्या. मग किटली त्यांच्या हातात द्या.