टी म्हणजे कुठला टी

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहणारी शीला रोकडे अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कागदपत्रं सांभाळत होती. कुठली टाकी किती तापवायची, कशी धुवायची, याच्या सूचनांच्या फाइली तिच्याकडे. सूचना बदलली की नवी फाइल कुठे ठेवली ते सगळ्यांना मेलवर कळवायचं. नवरा गेल्यावर याच नोकरीवर तिने मुलीला, प्राचीला, नर्सिंगपर्यंत आणलं होतं.

कारखान्यात सर्व्हर दोन, एक जुना, एक नवा. तिथल्या फोल्डरचा खरा पत्ता लांबलचक, दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा. तो टाइप करायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर त्याला एखादं इंग्रजी अक्षर देऊन ठेवलेलं. ऑफिसात टी ड्राइव्ह म्हणजे नवा सर्व्हर. प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये मात्र टी म्हणजे जुनाच राहिला होता, आणि दोन्हीकडे फोल्डरांची नावं तीच, फाइलींची नावंही तीच. आयटीच्या कमलेशला शीलाने तीनदा सांगितलं. "करतो मॅडम, ऑडिट निपटू दे," एवढंच तो म्हणायचा. म्हणून कुणी टीचा पत्ता दिला की शीला तो बदलून पूर्ण पत्ता लिहायची. तो कुठूनही उघडा, एकाच जागी जायचा.

प्लँट मॅनेजर दिनानाथ प्रधान वैतागायचे. "शीला, हा पत्ता आहे की आगगाडी? नुसतं टी लिहीत जा."

मार्चमध्ये चार नंबरच्या टाकीचं झाकण कमजोर झाल्याचं निघालं. ती ऐंशी डिग्रीला धुवायचे, ते आता पंचावन्नला धुवायचं ठरलं. शीलाने नवी फाइल नव्या सर्व्हरवर ठेवली आणि पूर्ण पत्ता घालून मेल तयार केला. दिनानाथ मागे येऊन उभे राहिले.

"ते काढ. टी लिही."

"सर, कंट्रोल रूमचा टी वेगळा आहे."

"त्यांना मी फोन करतो. तू पाठव."

तिने पत्ता खोडला, टी लिहिलं आणि मेल पाठवला. फोन कुणी केलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला हरिचंद्र मुकणे होता. बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून मोटारसायकलवर यायचा, अकरा वर्षं त्याच टाकीवर. त्याने मेल बघितला, टी उघडला, फाइल वाचली. ऐंशी. त्याने ऐंशी लावलं. झाकण सुटलं आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

जे काम वर्षभर झालं नव्हतं ते कमलेशने त्याच दुपारी केलं. सगळ्या कॉम्प्युटरांवर टी एकच करून टाकला. तिसऱ्या दिवशी चौकशीला बाहेरचे इंजिनियर आले, तेव्हा कंट्रोल रूममध्ये टी उघडला की बरोबर फाइल समोर येत होती. पंचावन्न. म्हणजे कामगाराने वाचलंच नाही, असं ठरलं.

दिनानाथांनी शीलापुढे चौकशीसाठीच्या तिच्या जबाबाचा कागद सरकवला. त्यावर एकच ओळ होती, 'सुधारित सूचना टी ड्राइव्हवर उपलब्ध आहे.'

"वाच. यात एक शब्द तरी खोटा आहे का?"

"सर, त्या दिवशी..."

"त्या दिवशीचा मेल तुझ्या आयडीवरून गेलाय शीला. तो विषय काढायचाय का आपल्याला?"

प्राचीचं एक वर्ष बाकी होतं. शीलाने सही केली. हरिचंद्रला निष्काळजीपणाच्या नावाखाली काढून टाकलं.

दोन महिने तिला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी ती बारवीजवळच्या त्याच्या पाड्यावर गेली. हरिचंद्र ओटीवर बसला होता, बोटं आखडलेली. बायको, पुतळाबाई, त्याला भरवत होती.

"ताई, मी वाचलं व्हतं," तो एकदम म्हणाला. "दोनदा वाचलं. घरात पन कोनाला खरं वाटत नाय."

"मला माहीत आहे," शीला म्हणाली आणि तिथेच तिने सगळं सांगितलं.

हरिचंद्रने कोर्टात दावा लावला. शीलाने खरं काय ते लिहून दिलं, आणि पंधरा दिवसांत तिची नोकरी गेली. वर्षभराने साक्षीचा दिवस आला. कंपनीच्या वकिलाने दोन कागद शेजारी शेजारी धरले.

"दोन्ही सह्या तुमच्याच?"

"हो."

"मग बाई, खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?"

"तेव्हा."

"म्हणजे गरज पडली की तुम्ही खोट्यावर सही करता." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

तो जुना टी कसा होता हे दाखवायला आता काहीच शिल्लक नव्हतं. तिची साक्ष विश्वासार्ह नाही असं निकालात आलं, दावा फेटाळला गेला. दिनानाथ तोवर बढतीवर गुजरातला गेले होते. शीला आता उल्हासनगरात जीन्सच्या एका कारखान्यात लेबलं तपासते.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर पुतळाबाईने तिला गाठलं होतं. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"ताई, तुमी तवाच बोलला असता," ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या शर्टाची उघडी बटणं लावायला वळली.