निळ्या बनियनवाल्यांची फायनल

उद्यापनाला चार बायका जमल्या की प्रसादाची वाटी रिकामी व्हायच्या आत एक किस्सा निघतो आणि त्याच्या पदराला धरून दुसरा येतो. आमच्या घरचे बहुतेक किस्से ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचे आहेत. बदलापूरला, शिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत हा खेळ कुठून शिरला, असं कोणालाही वाटेल. पण येत्या शनिवारी त्याची फायनल आहे, आमची टीम सलग दुसऱ्या वर्षी त्यात आहे आणि मला चार दिवस धड झोप नाही. शेजारच्या कमलताई म्हणाल्या, "मग लिहून काढ. तेवढाच हाताला चाळा." म्हणून हे.

सुरुवात झाली ती माझ्या धाकट्या दिरांमुळे. श्रीधर भाऊजी अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते, तिथून मेलबर्नला गेले. आमच्याकडे केबल आल्याचं मी कळवलं, तर उलट टपाली त्यांचं पत्र: "वहिनी, शनिवारी सकाळी स्पोर्ट्सचं चॅनल लावा. निळ्या बनियनवाले ते आपले. मी गोलच्या मागे गर्दीत असतो, दिसलो तर ओळखा."

त्यामुळे मी चेंडूकडे कधी बघितलंच नाही. चेंडू गोलच्या मागे गेला की मी मागच्या गर्दीतले चेहरे चाळायचे. एका शनिवारी दिसले! माकडटोपी, निळा मफलर, हातात खायचं काहीतरी. किती वाळले होते. मी उठून टीव्हीच्या काचेवरूनच मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि कडाकडा बोटं मोडली. महिन्याने पत्र आलं, त्या शनिवारी ते मॅचला नव्हतेच, कामावर होते.

कमलताई म्हणाल्या, "असू दे. कोणाच्या तरी मुलाची दृष्ट निघाली ना."

•

कमलताईंचंही काही कमी नाही. या खेळात गोलच्या खांबांपाशी पांढरा लांब कोट आणि हॅट घातलेला एक माणूस उभा असतो. तो पंच. गोल झाला की दोन्ही हातांची बोटं दाखवतो आणि मग झेंडे हलवतो. कमलताईंनी तो पहिल्या दिवसापासून डॉक्टर धरला होता.

दोन महिने त्या काही बोलल्या नाहीत. मग एका मॅचला आमचा अकरा नंबर गुडघा धरून त्या माणसाच्या पायाशी पडला आणि तो ढिम्म हलला नाही. तेव्हा त्यांचा संयम सुटला.

"बघ. अगदी आपल्या सरकारी दवाखान्यासारखं. हजर असतात, हात लावत नाहीत."

•

आता यांच्याबद्दल. हे म्हणजे माझे यजमान. दोघा भावांत बोलणं नाही, आणि ते का नाही ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे सासरे, म्हणजे नाना, गेले तेव्हा भाऊजींना तिकडे जाऊन वर्षही झालं नव्हतं. सुट्टी मिळेना, ते आले नाहीत. दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तारेवर पाच-सहा बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. गुरुजी म्हणाले, मनात काही राहिलं असेल, शब्द द्या. यांनी शब्द दिला की आईला सांभाळीन. मग गावचं घर पुरं करीन. मग बहिणीचं माहेर राखीन. कावळे जागचे हलले नाहीत. कोणाचं नाव घ्यायचं राहिलंय, ते घाटावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. यांनाही. पण ते ओठ आवळून उभे राहिले. दीड तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

मी वरच्या पायरीवर होते. "अहो, श्रीधर भाऊजींना अंतर देणार नाही म्हणा," एवढंच मागून म्हणायचं होतं. सुनेने तिथे तोंड उघडायचं नसतं, म्हणून उघडलं नाही. आजही भात वाढताना मध्येच ते आठवतं.

•

यांना शनिवारी दुसरी पाळी असते, म्हणजे मॅचच्या वेळी हे घरीच. टीव्हीकडे पाठ करून इस्त्री करत बसायचे. "मला काय करायचंय त्या खेळाशी," हे ठरलेलं वाक्य.

या मॅचचे चार भाग असतात आणि भाग संपला की मोठा भोंगा होतो, अगदी कारखान्यासारखा. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा हे इस्त्री बाजूला ठेवून उठले, चपला घातल्या आणि डबा मागितला. सकाळचे साडेदहा वाजले होते. जिना उतरून पुन्हा वर आले आणि इस्त्रीला बसले.

पण कान कुठे असायचे ते मला माहीत होतं. एकदा मी आत पोळ्या लाटत असताना बाहेरून हळूच विचारलं, "तो अकरा नंबर पुन्हा लंगडायला लागला का गं? श्रीधरला तो फार आवडतो म्हणून विचारलं."

भावाचं नाव त्यांनी कित्येक वर्षांनी घेतलं होतं. माझी पोळी करपली.

•

मध्येच एकदा ते चॅनलच बंद झालं. आमचे केबलवाले आहुजा, मूळचे उल्हासनगर कॅम्प चारचे. मी त्यांच्या दुकानात गेले. ते म्हणाले, "भाभी, पूरे बदलापूर में ये मॅच दोन माणसं बघतात. एक आप, आणि एक मी. मैं भी सिर्फ चेक करायला."

मी म्हटलं, तिसरे आमचे हे आहेत. ते बघत नाहीत, पण ऐकतात.

आहुजांनी चॅनल चालू केलं. पुढे तेही चेक करता करता पूर्ण मॅच बघू लागले.

•

नवसाची गंमत तर गावभर झाली. एका मोठ्या मॅचला मी मारुतीला नारळ बोलले, "आमचे हरू देऊ नकोस." मॅच बरोबरीत सुटली! आता नारळ द्यायचा की नाही? देवळातल्या गुरुजींना लांबट चेंडूपासून सगळं समजावलं. गोल नेमका गेला तर सहा गुण, बाजूने गेला तरी एक गुण देतात, हे ऐकून ते म्हणाले, खेळ सज्जनांचा दिसतो. मग विचार करून निकाल दिला की मागणं हरू नये असं होतं, ते हरले नाहीत, तेव्हा नारळ द्यावा.

परत येताना कमलताई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मागताना नीट माग बाई. मारुतीराय सरळ आहेत, सांगितलं तेवढंच करतात."

•

आता शनिवारचा माझा अंदाज. आमच्या अकरा नंबरच्या गुडघ्याला अजून पट्टी आहे, पण मागच्या मॅचला तो शेवटच्या भागात मोकळा धावला. समोरच्यांकडे तो एक ताडमाड आहे, दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकून आभाळातून चेंडू काढतो. त्याला आवरायला आपल्याकडे कोणी नाही, हे खरं आहे. तिकडे पाऊस पडला तर चेंडू निसटेल आणि त्याची उंची वाया जाईल. माझं म्हणणं, अर्ध्यापर्यंत आपण मागे असू, घाबरायचं नाही. शेवटच्या भागात आपले दमत नाहीत. दोन गोलांनी काढू.

आणि फोन येईल. आमच्याकडे फोन लागल्यापासून प्रत्येक मोठ्या मॅचनंतर भाऊजींचा फोन यायचा. मी घ्यायचे, हे पाणी भरायला उठायचे. गेल्या वर्षीच्या फायनलनंतर मात्र फोन नाही, पत्रही नाही. का नाही, ते मला ठाऊक आहे. मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही देवघरात तसबिरीमागे आहेत. पण टीम फायनलला आली की माणसाला राहवत नाही. येईल फोन. यंदा शनिवारचा उपास करीन, सव्वा महिना अनवाणी चालेन. मौन मात्र धरणार नाही.

•

गेल्या वर्षी धरलं होतं.

झालं असं की फायनलच्या आदल्या दिवशी हे जेवता जेवता म्हणाले, "उद्या जिंकले ना, तर त्याचा फोन मी घेईन." मान खाली घालून म्हणाले, पण म्हणाले. मी उठून देवापुढे गेले. या वेळी मागणं नीट शब्दांत मागितलं आणि माझ्याकडचं सगळ्यांत अवघड व्रत बोलले. सूर्य उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. खूण नाही, पाटीवर लिहिणं नाही, हुंकारसुद्धा नाही.

शनिवारी हे पहिल्यांदाच टीव्हीकडे तोंड करून बसले. शेवटच्या भागात आपण तीन गुणांनी मागे, आणि केबल गेली. हे कामावरचा शर्ट अर्धा घातलेला तसेच आहुजांच्या दुकानाकडे धावले.

दहा मिनिटांनी फोन वाजला. वाजत राहिला. कट होऊ नये म्हणून मी उचलला.

"हॅलो. वहिनी?"

मी गप्प.

"वहिनी नाही. वहिनी असती तर एव्हाना जेवलात का विचारून झालं असतं." मग बराच वेळ नुसता श्वास. "दादा?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि कोपरं छातीशी दाबली. बांगड्या वाजल्या असत्या तर तीही खूणच झाली असती.

"दादा, जिंकलो रे आपण." त्यांचा आवाज फुटला. "दादा, नानांच्या वेळी मी यायला हवं होतं. नोकरी गेली असती तर गेली असती. माझं चुकलं. तू बोलू नकोस, नुसतं हं म्हण."

मी दाराकडे बघत होते. जिन्यात पावलं वाजत नव्हती.

"नुसतं हं, दादा."

मारुतीच्या तसबिरीसमोर सकाळचं निरांजन शांत झालेलं होतं.

"बरं," भाऊजी म्हणाले. "तब्येतीला जप." आणि फोन ठेवला.

थोड्या वेळाने हे आले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलेले, तोंडभर हसू. एका गुणाने जिंकले, एका गुणाने, असं तीनदा सांगितलं. कामावरचा शर्ट काढून खुंटीला लावला. खुर्ची ओढून फोनशेजारी बसले आणि रिसीव्हर नीट ठेवलेला आहे ना ते बघितलं.

"आज पाळीला जात नाही," म्हणाले. "वाजला की तू उठू नकोस. मी घेतो."