जाळी नको

कोल्हारच्या गतिरोधकावर गाड्या मंदावल्या, की गौहरबी पेरूची पाटी घेऊन खिडक्यांमागं धावते. गेल्या हिवाळ्यात असाच धावताना तिचा मुलगा अमीर ट्रकखाली गेला.

रस्ता सुरक्षित करण्यासाठी भरलेल्या सभेत साहेब म्हणाले, "गतिरोधकालगत जाळी लावू. विक्रेते गाड्यांपर्यंत पोचायलाच नकोत. कुणाची हरकत?"

शेजारी बसलेल्या पेरूवाल्या दयानं कोपरानं ढोसलं. "बोल की भाभी! तुझंच ऐकतील."

गौहरबी उठली. "साहेब, माजा पोरगा तिथंच गेला."

"म्हणूनच तर जाळी, मावशी."

"त्याची दोन लेकरं हायत घरी. जाळी नका लावू."

साहेबांनी जाळीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

बाहेर गतिरोधकावर एसटी मंदावली. दयानं पाटी गौहरबीच्या डोक्यावर चढवली. गौहरबी धावली.