बस थांबली की पुस्तक बंद

कंपनीच्या बसमध्ये सहा वर्षं एकाच खिडकीशी बसलं की किस्से जमवावे लागत नाहीत, ते सीटखाली आपोआप साचतात! आमचे बहुतेक एका इंग्रजी कादंबरीचे. नऊशे पानं, आठ राजघराणी आणि दर दहा पानांनी एक दगा. आमच्या इम्तियाजच्या भावानं ती दुबईहून आणली होती. पेण ते धाटाव, फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये मी ती वाचायचो आणि लगेच मराठीत सांगायचो.

नियम एकच, बॉयलरवरच्या म्हात्रेकाकांनी घातलेला. बस थांबली की पुस्तक बंद! चढणाऱ्याचं काही चुकायला नको म्हणून.

*

काकांना कादंबरीतल्या प्रधानाचा पहिल्या दिवसापासून संशय.

"काका, तो राणीला मुलगी मानतो हो!"

"मानू दे. ज्या गेजचा काटा कधीच हलत नाय, तो मी पहिला बदलतो!"

दोनशे पानांनी प्रधानानं राणीला तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी बसभर पेढे वाटले.

"राणी आत, आणि पेढे?"

"ती सुटेल गो बाय माझी. पन मी बरोबर होतो का नाय?"

*

एकदा इम्तियाज कॅन्टीनमध्ये शिरता शिरताच ओरडला, "दुधात विष घातलंय!" बसमध्ये ऐकलेलं अजून डोक्यात होतं. पण कंपनी आमची केमिकलची! कॅन्टीनवाल्यानं पातेलंभर चहा मोरीत ओतला.

सेफ्टी ऑफिसरनं लेखी खुलासा मागितला. इम्तियाजनं लिहिलं, "दूध राणीचे होते."

साहेबांनी खाली शेरा मारला, "कोणत्या डिपार्टमेंटची?"

*

खांबजवळ बस बंद पडली, तेव्हा राणी नेमकी भुयाराच्या तोंडाशी.

"काका, एकच पान!"

"नाय. बस थांबलेय."

शेवटी सगळे उतरून ढकलायला लागले. चाकं हलली तसे काका मागून ओरडले, "हां, वाच आता! मोठ्यानं!"

ड्रायव्हर घरत वैतागला. "गाडी माझी बंद, आणि काळजी राणीची! मला नाय आवडत असलं काय."

*

मग काकांच्या रिटायरमेंटचा महिना आला. दीडशे पानं बाकी. आम्ही ठरवलं, काही झालं तरी राणी काकांसमोरच तख्तावर बसणार! डुलक्या बंद, गप्पा बंद. माझा घसा बसला, तर रोज कोणीतरी आलं-गूळ आणायचं.

शेवटच्या सकाळी सहा पानं उरली. संध्याकाळी समारंभानंतर काकांना जीप घरी सोडणार होती, म्हणजे बसची हीच शेवटची फेरी.

"राहिलं तर घरी येऊन सांगतो," मी म्हटलं.

"नको रे. सगळ्यांत ऐकलंय. एकट्यानं काय ऐकू?"

मला पुढची ओळच दिसेना. तरी रेटून वाचत राहिलो.

धाटाव आलं. दोन पानं बाकी, राणी दरबाराच्या पायऱ्या चढत होती. गेटवर साहेब हार घेऊन उभे. काकांनी स्वतःच हात वर केला. मी पुस्तक मिटायला घेतलं.

बस थांबलीच नाही! साहेबांसमोरून सरळ रोह्याच्या रस्त्याला लागली.

"घरत! अरे, गेट गेलं!" काका ओरडले.

घरतनं मागे न बघता गिअर टाकला.

"गेट कुठं पळत नाय. तू वाच रे, पायऱ्यांपासून!"